घाटातली डोली

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत एक भोई राहत होता. लोकांच्या डोल्या वाहून वाहून त्याच्या खांद्यांना घट्टे पडले होते. पण एके दिवशी डोलीत त्याची स्वतःची बायको बसली आणि गड्याचे धाबे दणाणले. तिला कळा सुरू झाल्या होत्या, मूल आडवे आले होते, आणि अडलेली बाई सोडवणारी सुईण राहत होती घाटाखालच्या गावात.

पुढे भोई, मागे त्याचा थोरला भाऊ. भोयांची रीत अशी, की वाटेतल्या प्रत्येक विसाव्याच्या धोंड्यापाशी डोली टेकवायची, दम खायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, खांदा बदलायचा आणि मगच पुढे जायचे. पहिला धोंडा आला तसा भाऊ म्हणाला, "टेकव रे."

"इथं जीव टांगणीला लागलाय आणि तुला गूळ सुचतोय, दादा?" भोई खेकसला आणि तसाच पुढे सुटला.

पुढचे धोंडेही मागे पडले. आत बायको विव्हळली की याचे पाय आणखी पळत. छातीचा भाता झाला, घशाला कोरड पडली, मांड्या लटपटू लागल्या. आणि नेमका अरुंद वळणावर त्याचा गुडघा गपकन वाकला. डोली दरीकडे कलली. भावाने दांडा छातीशी कवटाळला म्हणूनच ती थांबली.

भोयाने खाली पाहिले. दरीचा तळ दिसेना. उठू म्हटले तर पायांत त्राण नाही. "मीच मारतोय हिला!" तो रडू लागला.

तेव्हा डोलीतून बायको म्हणाली, "अहो, ऐका. कळ येते तशी जाते. गेली की मी अंग सैल सोडते, श्वास घेते. तेवढ्या बळावरच पुढची सोसते. हा विसावा देवानं मला दिलाय, मग तुम्हीच का घेत नाही?"

भोयाने भावाच्या मदतीने डोली डोंगराच्या अंगाला टेकवली. भीती त्याला पोखरत होती, एकेक क्षण खायला उठत होता, तरी तो बसून राहिला. हळूहळू धाप ओसरली. गूळ पोटात गेला, पाणी गेले, पाय पुन्हा आपले वाटू लागले. मग दोघे उठले आणि धोंड्याधोंड्यापाशी थांबत खाली पोचले.

सुईणीच्या दाराबाहेर तो किती वेळ येरझाऱ्या घालत होता, त्याचे त्यालाच ठाऊक. अखेर आतून मूल रडले.

"वेळेवर आणलंत हो, दोघंही सुखरूप आहेत," सुईण बाहेर येऊन म्हणाली.

भोयाच्या डोळ्यांपुढे ते वळण आले आणि भर उन्हात त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

तात्पर्य: दम खाण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, भीतीपोटी विसावा नाकारणारा स्वतःही पडतो आणि खांद्यावरच्यालाही पाडतो.