पुंगळीच्या बुडावरचं नाव

“...मग तिला कुठल्या कंपनीच्या पुंगळ्या दिल्यात, तेवढं तरी सांगा, उस्ताद.”

रणधीर शितोळेनं तिसऱ्यांदा विचारलं. उस्ताद दस्तगीर शिकलगार काडतुसाच्या एका रिकाम्या पितळी पुंगळीच्या तोंडाची धार मारत बसले होते. पलटणीत तीस वर्षं रायफली दुरुस्त केलेला माणूस. आता क्लबातले नेमबाज त्यांच्या नजरेखाली आपली काडतुसं भरत. झाडलेली पुंगळी घ्यायची, तिला नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी.

सहा वर्षं रणधीरच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. काल तीनशे मीटरवर मालन कुंभारनं त्याला हरवलं. साधी पोलीस शिपाई. तिच्या दहाही गोळ्या एका तळहाताखाली झाकल्या गेल्या असत्या. त्या क्षणापासून रणधीरला घास गोड लागला नव्हता.

उस्तादांनी कोपऱ्यातला मालनचा ट्रे पुढं सरकवला.

“उचल एक. बुडावर काय कोरलंय?”

रणधीरनं वाचलं. पुन्हा वाचलं.

“ही तर माझीच कंपनी! परदेशातून मागवतो मी. तिला कुठून मिळाल्या?”

“तुझ्याच हायत. तू झाडून टाकतोस, ती वाकून गोळा करती. मला विचारून.”



“पुंगळ्या त्याच, मग मी का हरलो?”

उस्तादांनी काल रणधीरनं टाकलेल्या दोन पुंगळ्या घेतल्या. ड्रॉपरनं दोन्हींत काठोकाठ पाणी भरलं आणि एकेक करून वजनकाट्यावर ठेवल्या. मग पाणी ओतून, पुसून, रिकाम्याच पुन्हा तोलल्या.

दोन वजनांतला फरक म्हणजे आतलं पाणी. एकीत ते कमी मावलं होतं.

“एकाच डब्यातल्या?” रणधीरचा आवाज उतरला.

“एकीचं पितळ जाड. आत जागा कमी. दारू तेवढीच घातली तरी जोर वेगळा, मग गोळी वर-खाली जाणारच. मालननं चार महिने एकेक पुंगळी अशी तोलली. शंभरातल्या बावीस ठेवल्या.”

“मला कधी बोलला नाहीत!”

“तू कंपनी इचारायचास.”

बाहेर कुणीतरी निशाणाचे कागद बदलत होतं.

“उस्ताद... रविवारी संघाची निवड आहे. त्या बावीस मला मिळतील? मी सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही.”

उस्तादांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

रणधीरची मान खाली गेली. आपण काय मागितलं, ते त्याला आता कळलं.

तो उठला. फायरिंग लाइनवर गेला. कालच्या पुंगळ्या मातीत पडल्या होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्यासाठी वाकला. ओंजळभर घेऊन आला, पुसल्या, आणि उस्तादांसमोर मांडी घालून बसला.

ड्रॉपर हातात घेतला. सवयीनं पहिली पुंगळी उलटी करून तो बुडावरचा ठसा वाचू लागला...

उस्तादांनी ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. पाटावर उभी ठेवली.

“नाव खाली टेकू दे, बाळा. त्याबिगर भरता येत न्हाई.”