माळावरची सून

माणसानं अजून नांगर धरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. झिपरी नावाची सशीण माळावरून झुडपांच्या रानात नांदायला आली. पहिल्याच दिवशी पाचोळा वाजला आणि ती धूम पळाली. बाकीचे ससे दगडासारखे बसून राहिले.

"भित्री गं बाई तुझ्या माहेरची जात," सासू म्हणाली.

"भित्री नाही, सासूबाई. माळावर लपायला जागाच नाही. जे बसून राहिले, त्यांना घारीनं नेलं. पळणाऱ्यांचीच पोरं उरली."

"आणि इथं जरा हललं की कोल्हा झडप घालतो. इथं बसणाऱ्यांचीच उरली."

झिपरी हट्टानं बसायला शिकली. पाय पळू बघायचे, तरी दात आवळून जागची हलायची नाही.

उन्हाळ्यात रानात वणवा पेटला. सगळे ससे रीतीप्रमाणे डोळे मिटून बसले.

"उठा सासूबाई, कोल्हा नाही, आग आहे!" झिपरी ओरडली.

"आमच्यात पळत नाहीत."

"मी बसायला शिकले ना? आता तुम्ही पळायला शिका!" झिपरीनं सासूचा कान दातांत धरून तिला ओढलं. सासू उठली, तसे बाकीचेही मागोमाग सुटले.

त्या सशांची पिल्लं चाहूल लागली की लगेच पळत नाहीत, लगेच दबूनही बसत नाहीत. आधी कान टवकारून बघतात, आलंय कोण.