दोन इंच वर

“पण चाचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदमच काढले तर बिघडतंय काय? अर्धा वेळ वाचेल.”

दस्तगीर मणेर गाडीखाली उताणे पडले होते. तिथूनच त्यांनी एक हात बाहेर काढला आणि अभिनंदनच्या हातातला पाना मागून घेतला.

“चाचा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“वाचलेल्या वेळाचं काय करणार हायस?”

अभिनंदन पुन्हा एकाच बाजूचे बोल्ट ढिले करू लागला.

मलकापूरहून आंबा घाटाकडं जाताना डाव्या हाताला पत्र्याचं एक गॅरेज लागतं. त्याला पूर्वी पाटी होती. एका वळवात ती उडून समोरच्या उसात गेली. ऊस तुटल्यावर सापडली, पण चाचांनी ती परत लावली नाही. डोंगरातल्या रस्त्यांवर ज्यांच्या गाड्या चालतात, त्यांना गॅरेज ठाऊक होतं.

अभिनंदन मगदूम तिथं आला तो स्वतःची मोठी गाडी घेऊन. चारही चाकांना जोर असलेली, चौकोनी, दणकट गाडी. तो इचलकरंजीचा. शिकलेला इंजिनिअर, घरचाच लेथ मशीनचा कारखाना. चिखलातून, ओढ्यातून गाडी काढायच्या शर्यतींत त्यानं तीन करंडक मिळवले होते. चौथ्या वेळी मात्र गाडी चिखलात रुतली. एका उंच गाडीनं दोर लावून त्याला ओढून काढलं, आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या… त्या दुसऱ्या गाडीसाठी.

त्या टाळ्या त्याच्या मनातून जात नव्हत्या.

गाडीचा वरचा सांगाडा, म्हणजे बॉडी, खालच्या लोखंडी चासीवर रबरी ठोकळ्यांवर बसवलेला असतो. त्या ठोकळ्यांवर आणखी दोन इंचांचे ठोकळे घालायचे, जुन्या बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालायचे, की बॉडी दोन इंच वर जाते. मग मोठे टायर बसतात. ठोकळे त्यानं स्वतःच्या लेथवर कातून आणले होते. नकाशा काढला होता. सगळं पाठ होतं.

“लावून कुणीही देईल,” त्याचा एक मित्र म्हणाला होता. “पण नंतर गाडीत निर्धास्त बसायचं असेल, तर मणेरांकडं जा.”

चाचांनी ठोकळे हातात घेऊन बघितले. अंगठ्यानं कड चाचपली.

“चांगले कातलेत.”

“थँक्यू चाचा.”

“कशाला पायजे उंची?”

“खाली दगड लागतात.”

“ते लागणारच. चासी हाय तिथंच ऱ्हाणार. वर जाणार तो डबा.”

“ते माहितेय मला,” अभिनंदन जरा तोऱ्यात म्हणाला. “मोठे टायर बसले की चासीपण उचलली जाईल.”

“माहीत असलं तर बरंच झालं,” चाचा म्हणाले. “मग तूच लाव. मी हितं हाय.”

असं ते काम सुरू झालं. उस्ताद सत्तरीचे, शिष्य तिशीचा, आणि शिष्याला आपण शिष्य आहोत हे अजून मान्य नव्हतं.

पहिल्या दिवशी चाचांनी एकही बोल्ट काढू दिला नाही. एक गोणपाट अंथरलं आणि म्हणाले, “झोप खाली.”

“कशाला?”

“वरच्याला आणि खालच्याला धरून काय काय हाय, ते बघ. सगळं बघून झालं की बाहेर ये.”

अभिनंदन पाच मिनिटांत बाहेर आला. “स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचे पाइप, गिअरचे दांडे.”

चाचा चहा ओतत होते. “अजून.”

तो परत खाली गेला. “डिझेल भरायची नळी.”

“अजून.”

तिसऱ्यांदा त्याला बराच वेळ लागला. पाठीला गार फरशी लागत होती. डोळ्यांत गंज पडला. आणि मग बॉडीपासून चासीला गेलेली, बोटाएवढी रुंद, मळानं काळी झालेली एक तारेची पट्टी, अर्थिंगची, त्याला दिसली. त्याच्या नकाशात ती नव्हती. बॉडी उचलली असती तर पहिल्यांदा तीच तुटली असती.

तो पट्टीला हात लावून तसाच पडून राहिला.

“मिळाली?” वरून आवाज आला.

“मिळाली चाचा.”

“ये मग. चहा निवला.”

दुपारी खैरूनचाची डबा घेऊन आल्या. गॅरेजच्या मागंच घर. भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा खर्डा. अभिनंदनसाठी वेगळं ताट, आणि त्यात कांदा-लसूण काही नाही.

“तुम्हाला कसं कळलं, चाची?”

“मगदूम म्हणालास की सकाळी. माझी मैत्रीण बी मगदूम हाय, जैन. तिच्यासाठी आम्ही तव्यापासनं वेगळं ठेवतो.”

त्यानं भरीत खाल्लं. आपल्या घराबाहेर, न सांगता, इतकी आठवण कुणी ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. भाकरी आणखी एक मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बॉडी उचलली.

जॅकवर आडवी लाकडी फळी ठेवली, म्हणजे पत्रा चेपणार नाही. एक बाजू बोटभर वर घ्यायची, थांबायचं. पुढं जाऊन इंजिन बघायचं, मागं जाऊन डिझेलची नळी बघायची. पुन्हा बोटभर. चाचा प्रत्येक वेळी कान लावायचे.

“काय ऐकताय?”

“ताणलं की आवाज येतो.”

“मला नाही येत.”

“उगी ऱ्हा जरा.”

अभिनंदन गप्प राहिला. आणि खरंच, खोल कुठंतरी रबराचा बारीक करकर आवाज आला. तो धावत पुढं गेला. रेडिएटरचा पाइप ताणला होता. पाइपावरचा पट्टा ढिला करताच आवाज थांबला.

त्यानं चाचांकडं बघितलं. चाचा दुसरीकडं बघत होते.

दुपारपर्यंत बाराच्या बारा ठोकळे बसले, मोठे टायरही चढले. प्रत्येक बोल्ट दोघांनी मिळून कसला. एकानं पाना धरायचा, दुसऱ्यानं खालून नट. उरला फक्त स्टिअरिंगचा दांडा. बॉडी दोन इंच वर गेली की तो तेवढाच अपुरा पडतो, म्हणून मध्ये एक जोड घालतात आणि दोन बोल्टांनी आवळतात.

“हे मी करतो,” अभिनंदन म्हणाला. “तुम्ही जा. तुमच्या नमाजाची वेळ झाली.”

“बघ हं.”

“चाचा, जोड मीच कातलाय. माझं काम आहे हे.”

चाचा हात धुऊन गेले.

अभिनंदननं जोड बसवला. वरचा बोल्ट आवळला. खालचा बोटांनी फिरवत आत घेतला, आणि तेवढ्यात फोन वाजला. शर्यतीतला मित्र होता. त्याला व्हिडिओवर गाडी बघायची होती. अभिनंदन बाहेर आला. गाडीभोवती फिरत त्यानं सगळ्या बाजूंनी ती दाखवली. किती उंच दिसत होती! मित्र ओरडून ओरडून कौतुक करत होता.

फोन बंद करून तो हत्यारं गोळा करू लागला.

चाचा परत आले. “झालं?”

“झालं.”

“सगळं तपासलंस?”

“तपासलंय चाचा.”

चाचांनी मान हलवली. गाडीखाली वाकून बघितलं नाही. घराच्या दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, “खैरून, चल गं. गाडी तयार हाय.”

चाचींची बहीण वर, डोंगरात, विशाळगडाच्या वाटेवरच्या एका वाडीत राहायची. पंधरा दिवस तापानं आजारी होती. तिथवरचा रस्ता म्हणजे दगड आणि वळणं. एका अंगाला दरी. एसटी अलीकडच्या फाट्यापर्यंतच जायची, आणि चाचींचे गुडघे आता तिथून पुढं चालत नव्हते.

“हिला सोडून आण,” चाचा म्हणाले. “तुझी गाडी पण बघून होईल.”

चाची आल्या त्या हिरवी साडी नेसून, हातात पेजेचा डबा. गाडीपुढं उभ्या राहून हसल्या.

“या बया! एवढी उंच? मी चढू कशी?”

चाचांनी इकडं तिकडं बघितलं. मग ते सरळ जमिनीवर एक गुडघा टेकून बसले आणि दुसऱ्या मांडीवर हात थोपटला.

“हितं पाय दे.”

“लोक बघतील की.”

“बघू दे.”

चाचींनी चप्पल काढली, नवऱ्याच्या मांडीवर पाय दिला आणि वर चढल्या. पदर सावरला. डबा मांडीवर घेतला. मग धरायला काही मिळेना, म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या अभिनंदनच्या दंडाला धरलं.

“चल बाळ. बहीण वाट बघत असंल.”

अभिनंदननं किल्लीला हात घातला.

दंडावर तो हात होता. हलका, भाकरीच्या पिठाचा वास असलेला.

किल्ली फिरेना. म्हणजे त्याच्यानं फिरवली जाईना.

वरचा बोल्ट आवळला… खालचा…

खालच्या बोल्टाला पाना लावल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“एक मिनिट, चाची.”

तो उतरला, पाना घेतला आणि गाडीखाली गेला. खालच्या बोल्टाला त्यानं दोन बोटं लावली.

बोल्ट गर्रकन फिरला.

किती वेळ गेला कोण जाणे. बोल्ट कसायला अर्धं मिनिटसुद्धा पुरलं असतं, आणि तो तेवढ्यात कसूनही झाला. वरचाही पुन्हा बघितला. पण तो बाहेर आला नाही. तिथंच, छातीवर पाना ठेवून, तो वरच्या लोखंडाकडं बघत पडला. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वळणावर दगडांच्या हादऱ्यांनी बोल्ट निघाला असता. जोड घसरला असता. हातात नुसतं चाक राहिलं असतं… आणि दंडाला धरलेला तो हात.

बाहेर चाचांची पावलं दिसत होती. स्थिर.

बाहेर जाऊन “काही नाही, सहज बघितलं” म्हणणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं.

तो बाहेर आला. तोंड काळं झालेलं, डोळे लाल.

“चाचा, खालचा बोल्ट मी कसलाच नव्हता. फोन आला, आणि मी विसरलो. तुम्हाला मात्र तपासलंय म्हणून सांगितलं.” मग तो चाचींकडं वळला. “चाची, तुम्ही उतरा. मी परत सगळी गाडी तपासतो. आज नको जायला.”

चाचींनी डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. मग म्हणाल्या, “आता कसलास न्हवं?”

“हो.”

“मग मी कशाला उतरू? चढायला किती तरास झालाय.”

“चाची, माझ्या हातून…”

“तू आपणहून सांगितलंस की, लेकरा. तपास हवं तर. मी बसते हितंच.”

अभिनंदननं तपासलं. बारा ठोकळे, चोवीस टोकं, नळ्या, पाइप, पट्टी, जोड. एकेकाला पाना लावून. तासभर गेला. चाची गाडीत बसून राहिल्या, मध्येच डुलकीही काढली. चाचांनी एकदाही “पुरे” म्हटलं नाही.

मग तो त्यांना घेऊन गेला.

त्या रस्त्यावर त्यानं आयुष्यात इतकी सावकाश गाडी कधी चालवली नव्हती. चिखल लागला, ओढा लागला. मोठ्या गाडीनं सगळं सहज पार केलं, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. वाडीत पोचल्यावर चाचींची बहीण उंबऱ्यापर्यंत आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोघींचे आवाज एकसारखे होते. अभिनंदन अंगणात उभा राहिला. एका म्हाताऱ्या बाईनं दुसऱ्या म्हाताऱ्या बाईला पेज भरवली, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत झालं, एवढ्यासाठी त्याला कुणाचे तरी पाय धरावेसे वाटत होते.

संध्याकाळी ऊन कलताना ते परतले. चाची घरात गेल्या.

अभिनंदन चाचांसमोर आला आणि वाकला. चाचांनी त्याला अर्ध्यावरच खांद्याला धरून उभं केलं.

“चाचा, माझ्यावर फार उपकार झाले तुमचे.”

“बहीण कशी हाय?”

“बरी आहे. पेज घेतली पोटभर.”

“बरं झालं.”

दोघं बाकड्यावर बसले. घाटातून एक ट्रक खाली उतरून गेला.

“चाचा, एक विचारू?”

“विचार की.”

“तो बोल्ट ढिला आहे, हे तुम्हाला कळलं होतं ना? म्हणूनच तुम्ही चाचींना बसवलंत. मला आठवावं म्हणून.”

चाचांनी त्याच्याकडं आश्चर्यानं बघितलं.

“न्हाई बा. मला कुठनं कळणार?”

अभिनंदननं वर डोंगराकडं बघितलं.

“मग… त्या रस्त्यावर… चाचींना माझ्या गाडीत कसं बसवलंत तुम्ही?”

“का? तू म्हणालास की, तपासलंय.”