सांव ब्रासचा हसरा देवदूत

कोळबावचं सांव ब्रासचं देऊळ बाहेरून पाहिलं तर किल्लाच वाटतो. वसईकडच्या ख्रिस्ती गावांत जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. भिंती पुरुषभर जाड, चुना शिंपल्यांचा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या, त्यामुळे भर दुपारीही आत दुधात भिजल्यासारखा उजेड पडतो. डाव्या भिंतीला प्रवचनाचा लाकडी सज्जा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लटकलेला, दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, आणि समोर थेट छताला टेकलेला सागवानी आल्तार, म्हणजे मुख्य वेदी. तिच्यावर संतांच्या मूर्ती, द्राक्षांचे वेल आणि अगदी वरच्या कमानीत देवदूतांची रांग. सगळे देवदूत परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. उजवीकडचा शेवटचा मात्र या कानापासून त्या कानापर्यंत हसतोय.

"हा का हसतोय?" पाहुणे हमखास विचारतात.

"बसा बाकावर," देवळाची देखभाल करणारे बस्त्याव काका म्हणतात. "उभ्या उभ्या सांगण्यासारखी गोष्ट नाही ती."

फार पूर्वी, देऊळ नवं बांधलं जात होतं तेव्हा, गावात जुझे नावाचा रंगारी होता म्हणे. होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुलं नि डोळे काढावेत तर त्यानेच. त्याला एकुलती एक मुलगी, कातरीन. ती लहान असताना माशाचा काटा तिच्या घशात अडकला. पोर निळी पडली. तेव्हा जुझे गळ्याच्या दुखण्यावर धावून येणाऱ्या संताला, सांव ब्रासला, नवस बोलला, "हिला वाचव. तुझ्या देवळाचा आल्तार माझ्या घरचा हात रंगवेल." काटा तेवढ्यात निघाला.

पुढे देऊळ उभं राहिलं, आल्तार कोरून झाला, आणि नेमकं तेव्हाच जुझेला दीर्घ ताप आला. ताप गेला, पण हाताचा कंप राहिला. भाताचा घास तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडायचा. आता घरचा हात म्हणजे कातरीनचाच.

कातरीनचा हात बापापेक्षा नाजूक चालायचा, पण ती भारी दचकायची. मांजर शिंकलं तरी हिच्या डोक्यावरची घागर फुटते, असं पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. परांचीवर चढली की तिचं अर्धं लक्ष पाठीमागेच असायचं. उंचीची भीती नव्हती. भीती होती मागून येणाऱ्या माणसाची. हे काम बिघडलं तर आपल्याच जिवाखातर बोललेला नवस बापाच्या माथी राहील, हे तिच्या मनातून क्षणभरही जात नसे.

आणि मागून येणारा माणूस होता खुद्द पाद्रीबाबा. फार मायाळू, पण पायांत कापडी सपाता घालायचे. येतात कधी, उभे राहतात कधी, पत्ता लागायचा नाही. एकदम म्हणायचे, "वा!" कातरीन दचकायची, कुंचला सटकायचा. एका देवदूताला मिशी आली. दुसऱ्याचं नाक पोपटासारखं झालं. ती रडत रडत पुसायची आणि पुन्हा काढायची.

शेवटी पाद्रीबाबा जुझेला हळूच म्हणाले, "सांव ब्रासच्या सणाला बिशप येणार आहेत. काम राहिलं तर गोव्याहून रंगारी बोलवावा लागेल."

उत्तर दिलं ते जुझेच्या बहिणीने, मार्था आत्याने. ती कंबरेवर हात ठेवूनच पाद्रीबाबांसमोर उभी राहिली.

"पाद्रीबाबा, तुमच्या गळ्यात घंटा बांधू?"

"मी काय बकरा आहे, मार्था?"

"बकरा बरा, निदान बें तरी करतो. आमच्याकडे घरात सून असली की सासरा दाराशी खाकरतो, मगच आत येतो. इथे आमची पोर कामाला आहे. खाकरा, नि या."

पाद्रीबाबा हसले, पण त्या दिवसापासून खाकरूनच आत येऊ लागले. त्यांचं पाहून सुतार खाकरू लागले, चुनेवाल्या बायका खाकरू लागल्या. कातरीनचा हात स्थिर झाला. देवदूत भराभर डोळे उघडू लागले.

सणाच्या आदल्या दिवशी शेवटच्या देवदूताचे फक्त ओठ राहिले होते. जुझेसकट सगळा गाव पताका लावायला बंदरावर गेलेला. बिशपांच्या होडीला मात्र भरती लवकर मिळाली, म्हणून नावाड्याने ती देवळामागच्या खाडीतच लावली. बिशप एकटेच आत आले. त्यांना बिचाऱ्यांना इथली रीत कुठली ठाऊक? परांचीखाली उभे राहून ते मोठ्याने म्हणाले,

"कोणी काढले हे?"

कुंचला डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत गेला.

कातरीनने पाहिलं आणि कुंचला खाली ठेवला. ओला रंग पुसावा तर अख्खा चेहरा निघणार. नवा काढावा तर सकाळपर्यंत वाळणार नाही. ती परांचीवरच बसली. खाली बघून बिशपांना म्हणाली, "तुम्ही खाकरला का नाहीत?"

एवढ्या मोठ्या माणसाला असं कोणी विचारलं नसेल. तोंडातून शब्द निघून गेल्यावर ती आणखीच घाबरली. तेवढ्यात होडी दिसल्यामुळे पाद्रीबाबा, जुझे आणि मार्था आत्या धापा टाकत दाराशी पोचले, आणि गडबडीतही तिघे एकदम खाकरले. बिशप चमकून वळले. मार्था आत्याने सासऱ्या-सुनेपासून नवसापर्यंत सगळं त्यांना एका दमात सांगितलं.

बिशपांनी वर पाहिलं. देवदूत हसतच होता. हळूहळू त्यांचंही तोंड तसंच पसरलं.

"बाकीचे नुसते माझ्याकडे बघतायत," ते म्हणाले. "मी आल्याचा आनंद फक्त यालाच झालाय. याला हात लावायचा नाही. जुझे, तुझा नवस पोचला."

मग ते देवळाबाहेर गेले. स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. आतल्यांना कळेना, रागावले की काय? तेवढ्यात दारापलीकडून एक लांबलचक, खणखणीत खाकरणं ऐकू आलं, आणि बिशप पुन्हा आत आले. या खेपेला, असं सांगतात, कातरीन दचकली नाही.

आजही या देवळात कोणी मुकाट्याने शिरत नाही. नवरा-नवरी उंबऱ्यावर थांबून एकदम खाकरतात, आणि कोणाचा आवाज आधी निघाला यावरून घरात कोणाचं चालणार हे वऱ्हाड तिथेच ठरवून टाकतं. शवपेटी आणताना पुढचा खांदेकरी गेलेल्याच्या वतीने खाकरतो. बाप्तिस्म्याला आणलेल्या तान्ह्यासाठी त्याची धर्ममाता खाकरते. पण बाळ दाराशीच भोकाड पसरून मोकळं झालं असेल, तर बस्त्याव काका हात वर करून तिला थांबवतात.

"राहू दे, बाय. त्याने दिली वर्दी."