पालथा पेला

एका शहरात एक पेठ होती. पेठेला एक तालीम होती. आखाड्याची लाल माती अजून होती, पण पोरांचं मन कधीचंच फुटबॉलमध्ये गेलं होतं. तालमीची टीम शहरातल्या वरच्या गटात खेळायची. सामना असला की पेठेतली दुकानं दुपारीच बंद व्हायची.

पेठेच्या चौकात केरबा गवळी रोज संध्याकाळी आपल्या म्हशी आणून उभ्या करायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि थेट पेल्यात द्यायची. टीम जिंकली की खेळाडू मैदानावरून तसेच चौकात यायचे. त्या दिवशी त्यांना हरणी म्हशीचं फेसाळ दूध फुकट. त्यासाठी एक मोठा पितळी पेला वेगळा राखलेला होता. पहिला पेला गोल मारणाऱ्याचा. हरले तर पेला नाही. हा रिवाज केरबाच्या वडिलांनी घातला होता, आणि केरबाला त्याचा फार अभिमान होता.

एका वर्षी टीम सारखी हरली आणि तळाला गेली. नियमाप्रमाणे पुढच्या हंगामासाठी तिला खालच्या गटात टाकलं. घरात सुतक असावं तशी पेठ आठ दिवस गप्प होती.

मग तालमीत बैठक बसली. आता सगळ्यांनाच तोंड फुटलं. एका वर्षात टीम वर आलीच पाहिजे, असं ठरलं. खालच्या गटात प्रत्येक सामना पाच गोलांनी जिंकायचा, असंही ठरलं.

"पाच कशाला, सात म्हणा की," मागून कुणीतरी बोललं. "बोलायला काय जातंय."

कर्णधार इंद्रजित कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी केरबा उठला. "ह्यो पेला माझ्या बापानं वरच्या गटातल्या टीमसाठी ठेवला हुता," तो म्हणाला. "टीम वर येस्तवर पेला पालथा." आणि त्यानं तो तालमीच्या कोनाड्यात पालथा घातला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

हंगाम सुरू झाला. पहिला सामना टीमनं एका गोलानं जिंकला. पोरं सवयीनं चौकात आली. केरबा धार काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मामा, जिंकलो," इंद्रजित म्हणाला.

"कुणासंगं?"

इंद्रजितनं टीमचं नाव सांगितलं.

"त्यांच्या गोलकीपरला वळखतो मी. दुधाच्या रांगेत उभ्या उभ्या झोपतो त्यो. त्याला एकच गोल?"

पोरं आपापल्या घरी गेली.

दुसरा सामना दोन गोलांनी जिंकला. पेठेच्या लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, पण त्या कौतुकाच्या नव्हत्या. राहिलेले तीन गोल कुठं गेले, असं जो तो विचारत होता. तिसऱ्या सामन्यात पाच गोलांच्या नादानं सगळेच पुढं धावले. मागं सांभाळायला कुणी राहिलं नाही. सामना हरले. चौथ्यातही तेच झालं.

दोघांनी सरावाला येणं सोडलं. पुढच्या हंगामात दुसऱ्या पेठेकडून खेळणार, असं ते बोलू लागले. इंद्रजितलाही तिकडून बोलावणं आलं होतं. तो गेला तर टीम मोडणार, हे पेठेतलं शेंबडं पोरगंही जाणत होतं. केरबाही जाणत होता. पण पेला पालथा घातला तो त्यानं, आणि चार माणसांत बोललेला शब्द मागं घ्यायची त्याला सवय नव्हती.

माघ महिन्यात हरणी आटली. ती गाभण होती. जनावरांचे सौदे करणारा एक हेडी हे ऐकून गोठ्यात आला.

"केरबा, तीन महिनं ही नुसती खाणार," तो म्हणाला. "मला दे. दुधाची म्हैस आणून बांधतो तुझ्या दावणीला, आजच्या आज."

केरबाचा पारा चढला. "चार वेतं पेठंला दूध पाजलंय हिनं. आता तीन महिन्यांत हिच्या पोटात जे घालीन, तेच उद्या चरवीत यील. आटली म्हणून वैरण तोडली, तर पुढल्या वेताला कुठल्या तोंडानं मागू हिच्याकडं? चल, वाट धर."

हेडी गेला. केरबाची बायको शेवंता बाजूला शेण भरत होती. तिनं पाटी उचलली आणि जाता जाता म्हणाली, "हरणीपुढं बोललासा, तेवढं तालमीत जाऊन बोला की. त्या पोरांची वैरण तुमीच तोडलीया."

केरबानं हरणीपुढं सरकीची पाटी ठेवली आणि ती खाऊन संपवेपर्यंत तिथंच उभा राहिला.

पुढच्या सामन्याच्या दिवशी तो सकाळीच तालमीत गेला. कोनाड्यातला पेला काळा पडला होता. त्यानं तो घरी आणून चिंचेनं घासला.

तो सामनाही टीम हरली. लोकांची तोंडं चुकवावीत म्हणून पोरं अलीकडं चौकातून येत नसत, मागच्या बोळानं येत. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी एक म्हैस आडवी उभी होती. शेजारी केरबा बसला होता, मांडीवर पेला घेऊन.

"केरबा, वाट चुकलास व्हय?" बोळाच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं विचारलं.

"पोरं हिकडनं येत्यात," केरबा म्हणाला.

पोरं आली आणि थबकली.

"मामा, हरलोय आज," इंद्रजित म्हणाला.

"मी मैदानावरच हुतो. दिसतंय मला अजून."

"टीम खालीच हाय."

"खाली हाय म्हणून तर म्हैस हितं आणली. वर असताना तुमास्नी धा जण पाजतील." त्यानं पेला भरला आणि इंद्रजितच्या हातात न देता मागं उभ्या असलेल्या गोलकीपरपुढं धरला. "आजपास्नं पयला पेला गोल खाणाऱ्याचा. त्याला जास्त गरज हाय."

गोलकीपरला हसू आलं. मग सगळेच हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

पानपट्टीवाल्याला हे पटलं नाही. "म्हंजे टीमकडनं आता काय मागायचंच न्हाई व्हय?"

"मागायचं की," केरबा म्हणाला. "हरणीकडनं मीबी दूध मागणार हाय. पर चरवी घिऊन बसायच्या आधी मी वैरण घालतो."

त्या वर्षी टीम वर गेली नाही. पाचवी आली. पण शेवटचे तीन सामने जिंकली, दोन सामने एकेका गोलानं, आणि त्या एकेका गोलासाठी पेठेनं हलगी वाजवली. रुसलेली दोन पोरं सरावाला परत आली. इंद्रजितनं दुसऱ्या पेठेला नाही म्हणून कळवलं.

वैशाखात हरणी व्याली. रेडी झाली. चिकाचा खरवस करून शेवंतानं दोन पराती तालमीत पाठवल्या. खाताना पानपट्टीवाल्यानं विषय काढलाच. "इंद्रजित, पुढल्या वर्षी वर जाणार न्हवं?"

"जाणार. पुढल्या न्हाई तर त्याच्या पुढल्या," इंद्रजित म्हणाला. त्याची मान आता खाली नव्हती.

पानपट्टीवाल्यानं केरबाकडं पाहिलं. केरबानं त्याच्या हातात खरवसाची वडी ठेवली. कोनाड्यात पितळी पेला चकाकत होता, तोंड वर करून.

तात्पर्य: पडत्या काळात जो आपल्या माणसांना सांभाळतो, त्यालाच त्यांच्याकडून चांगल्या दिवसांची अपेक्षा करण्याचा हक्क आहे.