राजाची भरगच्च भिंत

एका राज्यात दर्पकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. जमीन सुपीक, नद्या भरलेल्या, प्रजा सोशीक. सोशीक होती म्हणूनच तर राजाचे इतके लाड चालले!

त्या राज्यात एक जुनी रीत होती. झोपडी असो की हवेली, दर्शनी भिंतीवर मधोमध थोडी जागा कोरी सोडायची. तिला 'विसावा' म्हणत. येणाऱ्याचा डोळा आधी तिथे टेके, मग दाराकडे वळे, मग घरधन्याकडे. पाहुणा कधी गोंधळत नसे. इतकी साधी, इतकी शहाणी रीत. पण शहाणपण राजाला सोसेल तर ना!

दर्पकेतूने दर्शनमहाल बांधला आणि दवंडी पिटवली, "ह्या महालात बोटभर जागाही कोरी राहणार नाही. राजाच्या भिंतीला विसावा कशाला?"

रंगवायला डोंगरावरचा चितारी जंभल मायावी आला. त्याने मधोमध राजाचे चित्र काढले. ते पाहून सेनापती रणशूर रुसला. म्हणाला, "लढाया आम्ही मारल्या. आमचे चित्र एवढेच असावे." मग प्रधान मतिधर रुसला. मग खजिनदार, मग राजाचा मेहुणा, मग मेहुण्याचा मेहुणा! प्रत्येकाला मोठे व्हायचे होते, प्रत्येकाला तांबडा शेला हवा होता आणि प्रत्येकाला सोन्याचे वलय. अहो, सगळेच मोठे झाले तर मोठा कोण? पण हे विचारायला दरबारात एकाचीही जीभ उचलली नाही.

जंभल मात्र बोलला. "महाराज, माझ्या रंगाला एक शाप आहे. ज्या भिंतीवर डोळ्याला टेकायला जागा नाही, ती भिंत पाहणाऱ्याला आत ओढून घेते."

"बघू," राजा म्हणाला आणि हसला. दरबारही हसला. ते हसू आठवले की माझ्या अंगाची अजून लाहीलाही होते.

कारण भिंतीने ओढले कोणाला? राजाला? सेनापतीला? छे! त्यांची नजर आपापल्या चित्रावरच टेकलेली. ओढले राजकन्या कुंदाला. लहानगी पोर, नवा महाल पाहायला म्हणून एकटी आत गेली. इकडे पाहू की तिकडे पाहू, असे करता करता तिची नजर भिरभिरली, आणि ती भिंतीत गेली. चित्रांच्या त्या गर्दीत ती कुठे आहे ते कोणालाच दिसेना. फक्त बारीक आवाज येई, "आई, मला बाहेरची वाट दिसत नाही."

राणी हेमवती धावत आली. राजा घाबरला, पण अक्कल काही आली नाही. त्याने हुकूम सोडला, "भिंतीवर मोठा बाण काढा. त्यावर लिहा, कुंदा, इकडे ये." सेनापती म्हणाला, शूरांच्या बाजूलाही बाण हवा. प्रधान म्हणाला, आमच्याही. दिवस मावळेतो भिंतीवर बाणच बाण झाले, आणि पोरीचा आवाज आणखी बारीक झाला.

राणीने ते पाहिले. पायांत वहाणा घातल्या आणि जंभलाच्या डोंगराची वाट धरली.

डोंगराच्या पायथ्याशी पोपटांचे रान लागले. जंभलाचा आवाज झाडांतून आला, "राणी, माझ्या दाराची वाट इथला एकच पक्षी जाणतो. त्याला ओळख."

सारे पोपट एकदम ओरडू लागले, "मी सांगतो! मी सांगतो!" हिरव्या रानात हिरवे पोपट, एकाच सुरात ओरडणारे. राणीला आपला दरबार आठवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढ्यात तिला खालच्या फांदीवर एक भारद्वाज दिसला. तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, गप्प बसलेला. एवढ्या हिरव्यात तोच काय तो वेगळा होता.

"वाट तूच जाणतोस," राणी म्हणाली.

"चला, बाईसाहेब," भारद्वाज म्हणाला आणि पुढे उडाला.

वर काळ्या कातळाचे पठार होते. तिथे जंभलाच्या शेळ्या उभ्या होत्या. नजर जाईल तिकडेच त्यांचे पाय जात, आणि कातळावर पांढरे गोटे अस्ताव्यस्त पसरले होते, म्हणून शेळ्या जागच्या जागी गरगर फिरत होत्या.

"हाक न मारता, काठी न उगारता, ह्यांना पलीकडच्या झाडाखाली ने," जंभलाचा आवाज आला.

राणीने पदर खोचला. गोटे वेचले आणि शेळ्यांच्या पुढ्यापासून झाडापर्यंत एका ओळीत मांडले. उरलेले दूर फेकून दिले. हात सोलवटले. राणीच्या हातांना अशी सवय कुठली? पण शेळ्यांनी ओळ पाहिली आणि ओळीने चालत झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

मग जंभल समोर आला. त्याने गुहेचे दार उघडले. आत शापित खजिना होता. माणके, पाचू, मोहरा, ढिगावर ढीग.

"एकच वस्तू उचल," तो म्हणाला. "चुकलीस तर तूही ह्या ढिगातला खडा होशील."

एका माणकात राणीला कुंदाचा चेहरा दिसला. तिचा हात पुढे गेला. बाजूच्या माणकातही तोच चेहरा होता. त्याच्या बाजूच्यातही. राणीने हात मागे घेतला आणि डोळे मिटून पुन्हा उघडले. कोपऱ्यात एक मातीचे बोळके होते. त्याच्या चारी बाजूंनी जमीन झाडून मोकळी ठेवली होती. ज्याच्याभोवती कोणी इतकी जागा सोडतो, ते त्याला मोलाचे असते. राणीने बोळके उचलले. आत चुना होता.

"हा कधी संपायचा नाही," जंभल म्हणाला. "जिवंत माणसाला हा झाकत नाही. पण ज्याचे चित्र त्यानेच पुसावे लागेल."

"तू रंगवलेसच का?" राणीने विचारले.

जंभलाने मान खाली घातली. "राजाज्ञा होती."

"सगळ्यांची हीच सबब," राणी म्हणाली आणि परतली.

दर्शनमहालात दरबार भरला. राणीने बोळके मधे ठेवले आणि अट सांगितली. सेनापती म्हणाला, "आधी प्रधानांनी पुसावे." प्रधान म्हणाला, "आधी खजिनदारांनी." मेहुणा म्हणाला, "राणीसाहेब, चुन्याखाली राजकन्या गडप झाल्या तर?" पोरीची काळजी त्याला तेवढ्यापुरतीच आठवली, मेल्याला! आणि राजा? राजा म्हणाला, "माझे चित्र तेवढे राहू दे. बाकी सारे पुसा."

तेव्हा राणी कडाडली, "महाराज, तुमचा चेहरा भिंतीवर आहे आणि माझी लेक भिंतीत आहे! दोन्हींतले एक निवडा. आत्ता, सगळ्यांसमोर!"

राजाने भिंतीकडे कान दिला. आवाज इतका क्षीण झाला होता की शब्दही कळेनात. त्याने चुन्यात हात बुडवला आणि आपला मुकुट पुसला, मिशा पुसल्या, डोळे पुसले. राजानेच पुसल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायचा धीर कुठला? एकेक पुढे आला. बाण गेले, शेले गेले, वलये गेली. भिंत पांढरी झाली.

पण कुंदा आली नाही.

"वाट तर मोकळी झाली," राणीमागून उडत आलेला भारद्वाज खिडकीतून म्हणाला. "पण लेकीने पाहायचे कशाकडे? तिच्या ओळखीचे काय आहे, बाईसाहेब?"

राणीने केळीचे पान मागवले आणि भिंतीला लागून मांडले. रोज मांडी तसेच. वरच्या कडेला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मधे भाताची मूद, आणि सभोवती हिरवे पान मोकळे. कुंदा बोलायला शिकली नव्हती तेव्हापासून हे पान असेच वाढले जात होते. त्यात कधी फरक पडला नव्हता.

पांढऱ्या भिंतीतून एक चिमुकला हात बाहेर आला. तो चाचपडला नाही, इकडेतिकडे गेला नाही. सरळ लिंबाच्या फोडीवर गेला. राणीने तो मनगटाला धरला आणि ओढला, आणि कुंदा तिच्या मांडीवर येऊन पडली. तोंड आंबट करून म्हणाली, "आई, किती उशीर केलास वाढायला!"

राणी रडली. राजाही रडला. त्याला रडू द्यावे, त्याचे देणेच होते ते.

दर्शनमहालाची ती भिंत पुढे कोणी रंगवली नाही. घरोघरी होता तसा विसावा राजाच्या घरीही आला, आणि पहिल्या पंगतीत दरबाऱ्यांना राणीने स्वतः वाढले. मेहुण्याने मूद मोठी मागितली. राणीने त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि त्याने मुकाट्याने पान पुढे ओढले.

त्यांची भिंत कोरी राहिली, त्यांची लेक घरी राहिली. तुमच्याही दारी असेच घडो.