पितळी पट्टी गप्प राहिली

पूर्वी कधीतरी, हौशी रेडिओवाल्या गुंजाळ मास्तरांच्या वायरलेस सेटमध्ये एक पितळी पट्टी होती. बॅटरीतली वीज तीच सेटला पोचवायची.

एकदा सेट बोलता बोलता बंद पडू लागला. "म्हातारे, तुझ्यात दम उरला नाही," तो बॅटरीवर खेकसला.

"अरे, मी काठोकाठ भरलेय! पट्टीताई, तू तरी सांग ना."

आपल्यावर हिरवा गंज चढलाय, हे पट्टीला ठाऊक होतं. ती गप्प राहिली. मास्तरांनी बॅटरी भंगारात दिली.

नव्या बॅटरीनेही सेट बंदच पडे. शेवटी मास्तरांनी पट्टी खोडरबराने घासली. दोन मिनिटांत सेट खणखणीत बोलू लागला.

"म्हणजे दोष तुझा होता? मग तेव्हाच का नाही बोललीस?" सेटने विचारलं.

लख्ख झालेली पट्टी खालच्या आवाजात म्हणाली, "वाटलं, मलाच उपटून फेकतील."